खाजगीत जागा

कोरेगाव,
रविवार, १२ जून १९४९

ती. अण्णा,

आज कचेरीला सुट्टी. सकाळी विहिरीवर आंघोळ केली, कपडे धुतले. अकराला भाकरी खाल्ली. दुपारच्या गाडीने वैनी आणि तुमची शालन सांगलीला परत गेल्या, त्यांना स्टेशनवर सोडून आलो. आभाळ भरून आलं आहे, पाऊस नाही. सौ. बाळंतपणाला माहेरी गेली आहे, त्यामुळे घरात मी एकटाच.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. इतके दिवस तुम्हाला पत्र लिहावं असं मनात आलं नव्हतं. मला तसली सवय नाही. कचेरीत दिवसभर लिहितो, पण ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून. आज लिहायला बसलो, कारण वैनींनी काल एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकून जे विचारावंसं वाटलं ते तुम्हालाच विचारण्यासारखं आहे. उत्तर येणार नाही हे मला कळतं.

विषय त्या पोस्टकार्डाचा आहे. एक्केचाळीस सालच्या जूनमध्ये मी साताऱ्याहून तुम्हाला लिहिलेलं. आठवतं ना?

मी मॅट्रिक पास झालो होतो. हेडमास्तरांनी घरी बोलावलं आणि म्हणाले, "थांबू नको, पुढं शिक. पण सरकारी कॉलेजात जाऊ नको, खाजगीत जा. सरकारीतला प्रोफेसर आज इथं, उद्या बदलीच्या गावी. शिवाय तिथं तोंड मिटून बसावं लागतं. खाजगीतले लोक कमी पगारात, मनापासून शिकवतात. सांगलीत आहे की एक. तुझा भाऊही तिथंच."

माझ्या वर्गातले दोघे मुंबईच्या सरकारी कॉलेजात निघाले होते. तिथली प्रयोगशाळा, तिथलं ग्रंथालय, असं रोज ऐकायला मिळत होतं. मलाही जावंसं वाटत होतं. दोन दिवस विचार केला आणि हेडमास्तरांचं पटलं. तेव्हा तुम्हाला कार्ड टाकलं.

कार्डावरचा मजकूर मला पाठ आहे. 'मी पास झालो. माझी इच्छा सरकारीत जाण्याची नाही, खाजगीत जाण्याची आहे. तरी आपण तेथे चौकशी करून जागा मिळते का ते पाहावे.' बस्स! कॉलेज हा शब्द मी लिहिलाच नाही. कार्डावर जागा होती. पण मला वाटलं, मॅट्रिक झालेला मुलगा आणखी कशात जाणार?

मी साताऱ्याचा, आणि सांगलीला लिहितो आहे हे विसरलो. आमच्या इंग्रजी मुलखात खाजगी म्हणजे सरकारचं नसलेलं. तुमच्या संस्थानात खाजगी म्हणजे राजेसाहेबांचं घरचं खातं. वाडा, पागा, मुदपाकखाना, फरासखाना, सगळं त्यात आलं. तुम्ही पंधरा वर्षं त्या खाजगीच्या फरासखान्यात, गालिचे आणि तंबू सांभाळत होता. ते कार्ड वाचून तुम्ही दुसरं काय समजणार होता!

माधवनगर स्टेशनवर तुम्ही मला घ्यायला आला होता. एरवी कुठेही चालत जाणारे तुम्ही, त्या दिवशी टांगा ठरवून उभे. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"मिळाली रं जागा!" मी उतरायच्या आतच तुम्ही ओरडलात.

"मिळाली? एवढ्यात?"

"न मिळाय काय झालं? पंदरा वर्सं काय झोपा काडल्या व्हय म्या तिथं? कारभारी म्हनले, तुजा भाऊ म्हंजे इचारायचंच काम न्हाई."

मला वाटलं, कारभाऱ्यांची कॉलेजात ओळख असेल. टांग्यात बसल्यावर मी विचारलं, "कधीपासून जायचं?"

"उद्यापास्नं. सकाळी सातला."

"सातला? इतक्या लवकर?"

"मग? ऊन तापायच्या आत गालिचे झटकाय लागत्यात, गड्या."

टांगेवाला मागे वळून म्हणाला, "नशीब काडलंसा पाव्हणं. खाजगीत एकदा चिकटला की मानूस हालत न्हाई बगा."

गालिचे? मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही कागद सोडला आणि आतला नवा फेटा माझ्या मांडीवर ठेवला. तेव्हा मला सगळं कळलं.

तिथून घरापर्यंत टांग्याला बराच वेळ लागला. तेवढ्यात एक वाक्य बोलून झालं असतं. 'अण्णा, मी कॉलेजबद्दल लिहिलं होतं.' मी ते मनात जुळवतही होतो. पण तुम्ही टांगेवाल्याला सांगत होता, की आमच्या घरात मॅट्रिक झालेला ह्यो पयला, कुठंबी गेला असता, पर म्हनला सरकारी चाकरी नको, भावाच्या खात्यात येतो. तुमचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता.

"काय रं, गप का?" तुम्ही विचारलंत. "आवडलं न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "बरं आहे."

घरी वैनींनी पोळ्या केल्या होत्या. शालन तेव्हा नऊ वर्षांची. तिने माझा फेटा स्वतःच्या डोक्याला गुंडाळला आणि सगळ्या आळीत फिरून आली. त्यानंतर मी काय बोलणार होतो?

फरासखान्याचं काम मला जमलं. ते वाईट होतं असं मी म्हणणार नाही. शामियाने, कनाती, लोड, तक्के, गालिचे, प्रत्येकाची जागा ठरलेली. पहिल्या दिवशी मी गालिचा सरळच दांडीवर टाकला आणि बडवायला लागलो, तेव्हा तुम्ही धावत आलात. "उलटा टाक, म्हादू! सुलट्या अंगानं बडवलास तर धूळ आत बसती. उलटा टाक, बडव, मग सुलट्या अंगावरनं नुसता हात फिरव." तुमच्यासारखा हात मला शेवटपर्यंत आला नाही. तुम्ही दोन छड्यांत जे करायचा त्याला मला दहा लागायच्या.

पहिलं वर्ष मी धरून चाललो होतो की एवढं एकच. पुढच्या जूनमध्ये विषय काढायचा. जून आला. मी तुमच्याकडून काही निघतंय का पाहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. त्या ऑगस्टात तर 'चले जाव'साठी मुलं कॉलेज सोडून बाहेर पडायला लागली. तेव्हा मी मनाशी म्हटलं, बरं झालं. तसं वाटलं नव्हतं, पण म्हटलं.

मग दोन वर्षांनी कोरेगावच्या कचेरीत जागा निघाली आणि मी इकडे आलो. तुम्ही म्हणालात, "शेवटी सरकारीतच गेलास की रं!" आणि हसलात. मीही हसलो. तुम्ही कशाला हसलात ते मला तेव्हा कळलं नाही. आता मात्र शंका येते.

तर या आठवड्याचं सांगतो. तुमची शालन पास झाली. चांगली झाली. गणितात तर तिच्या शाळेत ती पहिली आहे. पुढे शिकायचं तिचं ठरलेलंच होतं, तुमच्यासमोरच ठरलं होतं. तुमच्यामागे पालक म्हणून सही माझी लागणार, म्हणून त्या दोघी गुरुवारी इकडे आल्या. मी दोन्हीकडचे फॉर्म मागवून ठेवले होते. एक सांगलीच्या खाजगी कॉलेजचा, एक मुंबईच्या सरकारी कॉलेजचा.

त्यातला सांगलीचा मी त्या यायच्या आधीच भरून ठेवला होता. चांगल्या अक्षरात, शाई न सांडता. काल संध्याकाळी सतरंजी टाकून बसलो होतो तेव्हा तो शालनपुढे ठेवला.

"काका, हे कुणी भरलं?"

"मी. तुझी सही तेवढी राहिली आहे."

"आणि दुसरा?"

"तो कोराच आहे. तो नको."

का नको तेही मी सांगितलं. हेडमास्तरांनी मला सांगितलेलं सगळं सांगितलं, त्याच क्रमाने. मी सलग इतकं बोललेलं तिने कधी ऐकलं नसेल. तिने पुरतं ऐकून घेतलं.

"सरकारीत तोंड मिटून बसाय लागतं?" ती म्हणाली. "आता सरकार आपलंच हाय की काका. कुणापुढं मिटायचं?"

आठ वर्षांत माझ्या डोक्यातलं सरकार बदललंच नव्हतं. कचेरीत रोज नवे शिक्के मारतो मी!

"खाजगीत मास्तर प्रत्येकाला नावानं ओळखतात," मी म्हणालो.

"त्येच तर नको हाय! सांगलीत मला सगळीच नावानं ओळखत्यात. कॉलेजातनं घरी आले की पाव्हणं येऊन बसलेलं. जा गं शाले, च्या घेऊन ये. दोनदा च्या दिला, तिसऱ्यांदा पसंत पडले, की झालं माजं कॉलेज! मुंबईत कोन येतंय माज्या हातचा च्या प्यायला?"

वैनी हसल्या आणि पदर तोंडाला लावला. त्या माझ्या बाजूने बोलतील अशी माझी कल्पना होती. मुलगी मुंबईला गेली की घरात त्या एकट्याच राहणार. मी म्हणालो, "वैनी, तुम्ही सांगा हिला."

"मला इचारू नगासा. तिला इचारा." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी बी त्येच कराय लागलाय."

"काय?"

"ह्यांनी तुमचं केलं त्येच."

अण्णा, तुम्हाला कळलं होतं!

वैनी सांगत होत्या आणि मी सतरंजीचा काठ बघत होतो. त्याच साली, दसऱ्याच्या दरबाराला कॉलेजचे चार प्रोफेसर आले होते. त्यांना बसायला कुठला गालिचा घालायचा म्हणून तुम्ही विचारलंत, ही मंडळी कुठली. कोणीतरी म्हणालं, खाजगी कॉलेजची. तुम्ही म्हणालात, "आपल्या खाजगीचं कॉलेज बी हाय व्हय?" सगळे हसले. मग एकाने तुम्हाला बाजूला घेऊन नीट समजावून सांगितलं.

त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. वैनींनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "अगं, म्या पोराला कॉलेजाऐवजी गालिच्यात घातला."

हे तुमचंच वाक्य आहे ना? वैनींनी ते तुमच्यासारखंच म्हणून दाखवलं.

त्या म्हणाल्या, मग सांगा की त्याला. तुम्ही म्हणालात, "कुठल्या तोंडानं सांगू? आन त्यो बी काय बोलंना. त्याला आवडलं असंल तर?"

मी त्या वेळी पलीकडच्या खोलीत होतो, अण्णा. जागा होतो. शालनला गणित घालत होतो.

एवढ्यावरच थांबलं असतं तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. पण पुढच्या जूनमध्ये, मी ज्या जूनमध्ये तुमच्या बोलण्याची वाट बघत होतो त्याच जूनमध्ये, तुम्ही कॉलेजात जाऊन फॉर्म घेऊन आलात! फेटा काढून हातात धरून ऑफिसात उभे राहिलात म्हणे. तिथला कारकून म्हणाला, मुलाला घेऊन या, सही त्याची लागते. तुम्ही फॉर्म घरी आणलात आणि देवळीत ठेवलात. चार दिवस तो तिथे होता. मी रोज तिथे दिवा लावायचो, मला दिसला नाही.

"पाचव्या दिशी द्यायचाच म्हणून बसलं हुतं," वैनी म्हणाल्या. "तवर तुमीच आलासा. म्हनलासा, अण्णा, फरासखान्याची समदी यादी म्या नव्यानं लिवली, बगा. लय खुशीत हुता तुमी. ह्यांनी यादी बगितली, शाबास म्हनलं, आन फारम उचलून ट्रंकंत टाकला. मला म्हनलं, बरं हाय त्याचं. कशाला ढवळायचं?"

मला ती यादी आठवते. तुम्ही दोन दिवस उदास दिसत होता, म्हणून तुम्हाला बरं वाटावं यासाठी मी ती दाखवायला आणली होती. माझी खुशी तुमच्यासाठी होती, अण्णा! मला यादीचं कसलं कौतुक?

हे मी कोणाला सांगू?

तुमच्यावर रागावलो आहे का, असं मी काल झोपताना स्वतःला विचारलं. तसं नाही. पण एक विचारतो. तुम्ही मोठे होता. एकदा नुसतं विचारलं असतंत, म्हादू, तुला काय पायजेल हुतं रं? मी सांगितलं असतं. किंवा कदाचित तेव्हाही 'बरं आहे' असंच म्हणालो असतो. हे मला खात्रीने सांगता येत नाही, म्हणून दोष तुमच्या एकट्याच्या नावावर लावत नाही. शब्द मी गाळला होता.

मागच्या दिवाळीत आपण तुमच्या अंगणात बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "शालीला कुठं घालायची रं? खाजगीत का सरकारीत?" मी म्हणालो, निकाल तर लागू दे. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी वात सारखी करत होतो. तुम्ही तो शब्द बरोबर वापरला होता, कॉलेजसाठी वापरला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही! फरासखान्यातल्या माणसाच्या तोंडी तो शब्द त्या अर्थानं कुठून आला, एवढं जरी मनात आलं असतं तरी आपलं बोलणं झालं असतं. तुम्ही दार उघडून बसला होता. मी वात सारखी करत होतो.

माघात तुमचा ताप चारच दिवसांत वाढला. मी पोचलो तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

असो. काल वैनींचं सांगून झालं. शालनने भरलेला फॉर्म हळूच माझ्याकडे सरकवला, जसा काही तो माझाच होता. एका अर्थी होताही. त्यावर तिचं नाव मी लिहिलं होतं, पण जायचं होतं मला. एक्केचाळीस सालच्या जूनमध्ये.

मग मी तिला विचारलं, "शालन, तुला काय हवं?"

"मुंबईचं. सायन्स. मामा हाय तिथं परळात, रविवारी येऊन बगून जाईल. मी हॉस्टेलात राहीन." तिने एका दमात सांगितलं. तयारच होतं तिचं उत्तर! किती दिवस तयार होतं कोण जाणे.

"आणि वैनी, तुम्ही?"

"मला काय धाड भरलीया? माज्या घरात र्‍हाईन. आळीत समदी हायत. आन लय एकटं वाटलं तर येईन हिकडं, तुमच्या बाळाला खेळवाय."

आज सकाळी शालनने दुसरा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला. तिचं अक्षर माझ्याइतकं चांगलं नाही. दोन ठिकाणी खाडाखोड झाली. मी पालक म्हणून सही केली. नातं लिहायच्या जागी 'चुलता' लिहिलं आणि त्याच्या आधी, कंसात, तुमचं नाव आणि 'कै.' घातलं. ते तिथे लिहायचं नसतं बहुधा. राहू दे.

खरं सांगायचं तर मला अजूनही खाजगीच बरं वाटतं. सांगलीच्या कॉलेजात ती चांगली शिकली असती. घरचं जेवण, ओळखीची माणसं, शिकवणारे वर्षानुवर्षं तेच. मुंबईला तिला कसं वाटेल, कोण जाणे. पण कॉलेजात मी जाणार नाही, ती जाणार आहे.

स्टेशनवर गाडी हलल्यावर तिने खिडकीतून हात काढून ओरडून विचारलं, "काका, फॉर्म टाकाल ना आज?" शेजारच्या बायका हसल्या. मी मान हलवली. मग वाटलं तिला दिसलं नसेल, म्हणून मीही मोठ्याने ओरडलो, "आजच टाकतो!" प्लॅटफॉर्मवरच्या हमालाने माझ्याकडे वळून पाहिलं. मला ओरडायची सवय नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

अण्णा, तुम्हाला एवढं वचन देतो. शालनच्या बाबतीत तिला विचारल्याशिवाय काही ठरवणार नाही. तिच्याविषयी कोणालाही लिहिलं तर पुरतं लिहीन, एकही शब्द वाचवणार नाही. आणि तिचं शिक्षण पुरं व्हायच्या आत कोणी पाव्हणे बघायला आले, तर त्यांच्यापुढे चहा घेऊन मी जाईन आणि पोरगी मुंबईला आहे म्हणून सांगीन.

फॉर्मचं पाकीट बंद केलं आहे. पत्ता दोनदा वाचून पाहिला. अजून उजेड आहे, तेव्हा आत्ताच जाऊन पेटीत टाकून येतो. कालची सतरंजी तशीच पडली आहे. आधी ती अंगणातल्या दोरीवर टाकून झटकतो. उलटी टाकून.

तुमचा,
म्हादू